बर्कनहेडची काळी खुर्ची

मेखेलेन हे बेल्जियममधले लाकूडकामासाठी नावाजलेले गाव. ओकच्या लाकडात कोरीव काम करणाऱ्यांच्या पिढ्या तिथे नांदल्या. १९१४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात जर्मन तोफांनी या गावावर मारा केला आणि माणसे वाट फुटेल तिकडे निघाली. महायुद्धाच्या काळात बेल्जियममधून ब्रिटनच्या आश्रयाला आलेल्यांची संख्या अडीच लाखांच्या घरात होती. त्यांत युजीन व्हानफ्लेटेरेन नावाचा एक कारागीर होता. लिव्हरपूलसमोर, मर्सी नदीच्या दुसऱ्या तीरावर असलेल्या बर्कनहेडमध्ये तो स्थिरावला. १९१७ साली तिथे वेल्श लोकांचा राष्ट्रीय आइस्तेदवोद, म्हणजे कविता आणि संगीताच्या स्पर्धांचा मेळावा, भरायचा होता आणि सर्वश्रेष्ठ कवीला द्यायची खुर्ची घडवण्याचे काम त्याच्याकडे आले. वेल्श कवितेची एक ओळही त्याने कधी ऐकली असेल असे वाटत नाही. पण त्याने जी खुर्ची केली, ती आइस्तेदवोदच्या सगळ्या खुर्च्यांत देखणी म्हणावी अशी आहे: उंच पाठीची, भक्कम, अंगभर केल्टिक पद्धतीच्या गुंतलेल्या वेलींची आणि ड्रॅगनांची नक्षी असलेली.

आज ती ‘काळी खुर्ची’ म्हणून ओळखली जाते. हे नाव लाकडाच्या रंगावरून पडलेले नाही. ज्या कवीने ती जिंकली, तो निकालाच्या पाच आठवडे आधी बेल्जियमच्याच रणभूमीवर मारला गेला होता, आणि समारंभात तिच्यावर काळे कापड पांघरण्यात आले. हेद विन या कवीची ही कथा वेल्समधल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. ती सांगणारे बहुतेक जण ६ सप्टेंबर १९१७ या दिवसापासून सुरुवात करतात. मला त्याच्या बरेच मागे जावेसे वाटते. कवीला बसायला खुर्ची का द्यायची, ती कोण देणार आणि तिच्यावर बसायचा हक्क कोणाचा, हे प्रश्न वेल्समध्ये आठशे वर्षांहून अधिक काळ चालत आलेले आहेत. ते समजल्याशिवाय त्या दिवशी हजारो माणसे एका रिकाम्या आसनाकडे पाहून का रडली, ते पुरते कळत नाही.

मूळ सापडते ते कायद्यात. दहाव्या शतकातल्या हवेल राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेल्श कायद्यांत राजाच्या दिवाणखान्यात कोणी कुठे बसावे याचे तपशीलवार नियम आहेत. न्यायाधीश कुठे, पुरोहित कुठे, लोहार कुठे, सगळे ठरलेले. त्यांत कवींची पायरीही आहे, आणि मुख्य कवी तो, ज्याने स्पर्धेत खुर्ची जिंकली आहे. म्हणजे खुर्ची हे मुळात बक्षीस नव्हते, ती दरबारातली जागा होती. त्या जागेबरोबर मान येई, देणग्यांत वाटा येई आणि हाताखालच्या कवींना शिकवण्याचा अधिकार येई.

११७६ च्या नाताळात दक्षिण वेल्सचा राजा ऱ्हीस आप ग्रिफिद याने कार्डिगनच्या किल्ल्यात मोठा मेळावा भरवला. किल्ला त्याने नुकताच दगडात बांधून काढला होता. वेल्श राजांच्या बखरीत या मेळाव्याची नोंद आहे. वेल्स, इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये वर्षभर आधी दवंडी पिटली होती. स्पर्धा दोन होत्या, एक कवींची आणि एक वादकांची, आणि विजेत्यांसाठी दोन खुर्च्या होत्या. वादनात ऱ्हीसच्याच दरबारातला एक तरुण जिंकला. कवितेत मात्र उत्तरेकडच्या ग्वनेद राज्याच्या कवींनी बाजी मारली. यजमानाने आपल्या घरी बाहेरच्या कवींना जिंकू दिले, हे मला त्या नोंदीतले सगळ्यात मोलाचे वाटते. राजाची खुर्ची असली, तरी तिचा निर्णय कवितेवरच झाला पाहिजे, हा दंडक तिथे दिसतो.

पुढे १२८२ मध्ये वेल्सचे स्वतंत्र राज्य बुडाले. राजे गेले तसे दरबारही गेले, आणि कवी जमीनदारांच्या वाड्यांच्या आधाराने राहू लागले. पंधराव्या शतकाच्या मध्याला कार्मार्दनच्या मेळाव्यात दाविद आब एदमुंद या कवीने चांदीची खुर्ची जिंकली. वेल्श छंदांची संख्या चोवीसवर पक्की करून त्यांचे नियम त्याने अधिक कडक केले. हे छंद किती अवघड, त्याची थोडी कल्पना द्यायला हवी. ‘कंघानेद’ या पद्धतीत ओळीच्या पहिल्या अर्ध्यात जी व्यंजने ज्या क्रमाने येतात, तीच त्याच क्रमाने दुसऱ्या अर्ध्यात यावी लागतात. शिवाय ओळीच्या पोटात यमके. मोरोपंतांच्या आर्येतली यमक-अनुप्रासांची कसरत ज्यांनी वाचली आहे, त्यांना यातले कष्ट समजतील, पण इथे ती कसरत प्रत्येक ओळीला सक्तीची आहे. असे शेकडो ओळींचे दीर्घकाव्य, ज्याला ‘आउदल’ म्हणतात, लिहिणाऱ्यालाच आजही खुर्ची मिळते. मुक्त रचनेसाठी वेगळा मुकुट असतो. खुर्ची ही या कठोर शिस्तीची.

सोळाव्या शतकात खुर्चीच्या मागे वेगळीच सत्ता उभी राहिली. १५६७ साली एलिझाबेथ राणीच्या सनदेने काइरविस गावात मेळावा भरला. कवी आणि वादक असल्याचे सांगत भटकणाऱ्यांची गर्दी माजली आहे अशी सरकारची तक्रार होती. खऱ्या कवींची परीक्षा घेऊन त्यांना परवाना द्यावा आणि बाकीच्यांना कामधंद्याला लावावे, असा हुकूम होता. मोस्टिन या जमीनदार घराण्याकडे बक्षिसाच्या चांदीच्या वीणेचा अधिकार होता. ती हातात मावेल एवढी वीणा अजून जपलेली आहे. राजाच्या दरबारात मान म्हणून मिळणारी जागा आता भटक्यांच्या कायद्यापासून बचाव करणारा कागद बनली. त्यानंतर जमीनदारांची मुले लंडनला गेली, इंग्रजी बोलू लागली आणि कवितेचा आश्रय आटत गेला. अठराव्या शतकात थोडेसे कवी खानावळीत जमायचे, बिअर प्यायचे आणि एकमेकांना ओळी ऐकवायचे. आइस्तेदवोद एवढाच उरला होता.

त्याला पुन्हा उभे केले ते लंडनमधल्या वेल्श मंडळींनी. ‘ग्विनेदिगियन’ या त्यांच्या संस्थेने १७८९ मध्ये बाला गावच्या मेळाव्याला पाठबळ दिले, विषय आधी जाहीर केला, परीक्षक नेमले. तीन वर्षांनी, २१ जून १७९२ रोजी, लंडनच्या प्रिमरोज हिलवर एका गवंड्याने खिशातून आणलेले खडे वर्तुळात मांडले आणि त्या वर्तुळात ‘गोर्सेद’ म्हणजे कविपीठाचा विधी केला. हा गवंडी एडवर्ड विल्यम्स, कवी म्हणून योलो मोर्गानुग. त्याने सांगितले की हा विधी प्राचीन ड्रुइड पुरोहितांपासून अखंड चालत आला आहे. तसे काहीही नव्हते. विधी त्याने स्वतः रचला होता, आणि आधारासाठी जुनी हस्तलिखितेही स्वतःच लिहिली होती. ही बनावट अभ्यासकांनी विसाव्या शतकात पुराव्यानिशी उघड केली.

तरीही योलोला नुसता लबाड म्हणून बाजूला सारणे मला जमत नाही. जुन्या वेल्श कवितेचा त्याचा अभ्यास अस्सल होता, आणि राजा नाही, दरबार नाही, आश्रयदाता जमीनदार नाही अशा वेळी कवीला मान कोण देणार, या खऱ्या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर म्हणजे तो विधी. कवींनीच आपले पीठ उभारावे आणि लोकांसमोर, उघड्यावर, सूर्याच्या साक्षीने निर्णय द्यावा. १८१९ मध्ये कार्मार्दनच्या ‘आयव्ही बुश’ खानावळीच्या बागेत त्याने हा विधी आइस्तेदवोदला जोडून दिला आणि तो तिथे कायमचा रुजला. पुढे त्याला झगे, मुकुट, रणशिंगे आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हर्कोमर या जर्मनीत जन्मलेल्या चित्रकाराने मुख्य ड्रुइडाचा, म्हणजे कविपीठाच्या प्रमुखाचा, पोशाख आणि मोठी तलवार यांची आखणी केली. ती तलवार म्यानातून पूर्ण कधीच काढत नाहीत. थोडी बाहेर ओढायची आणि मुख्य ड्रुइडाने विचारायचे, “शांतता आहे का?” जमलेल्यांनी गर्जून उत्तर द्यायचे, “शांतता!” असे तीनदा झाले की कवी खुर्चीवर बसतो.

मधल्या काळात आणखी एक घाव बसला. १८४७ मध्ये वेल्समधल्या शिक्षणाचा सरकारी अहवाल आला. तिन्ही चौकशी अधिकारी इंग्रज होते, वेल्श भाषा त्यांना येत नव्हती. शाळा वाईट आहेत एवढे म्हणून ते थांबले नाहीत. भाषा मागास आणि माणसे, विशेषतः बायका, नीतीने सैल, असा शेरा त्यांनी मारला. अहवालाच्या निळ्या वेष्टनावरून त्याला ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ असे नाव पडले आणि ते टिकले. १८६१ मध्ये अ‍ॅबरडेरला पहिला राष्ट्रीय आइस्तेदवोद भरला, त्यामागे हा डंख होता. आपण सभ्य आहोत, सुशिक्षित आहोत हे इंग्रजांना दाखवायचे होते. ते दाखवण्याच्या घाईत व्यासपीठावरची बरीच भाषणे इंग्रजीतच होऊ लागली, ही त्या काळाची शोकांतिका. खुर्चीची कविता मात्र वेल्शच राहिली. बाकी सगळीकडे तडजोड झाली तरी त्या एका आसनापाशी कोणी तडजोड केली नाही.

याच काळात खुर्ची लाकडाची, भारदस्त, घरी नेण्याजोगी झाली. जिंकणारा ती स्वतःजवळ ठेवी. गावोगावच्या लहान आइस्तेदवोदमध्येही खुर्च्या देत, त्यामुळे खाणकामगारांच्या, मेंढपाळांच्या, दगडफोड्यांच्या बुटक्या घरांत सिंहासनासारखी आसने येऊन बसली. जेवायच्या टेबलाशी ती कोणी ओढत नसे. देशांतर केलेल्यांनी ही प्रथा सोबत नेली. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातही आइस्तेदवोद झाला आणि तिथली खुर्ची इव्हन रीस यांनी जिंकली. लहानपणी कोळशाच्या खाणीत काम केलेले हे कवी ‘डवेद’ या नावाने प्रसिद्ध होते. पुढे तेच मुख्य ड्रुइड झाले आणि १९१७ मध्ये बर्कनहेडच्या व्यासपीठावर तेच उभे होते.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. काळी खुर्ची त्याआधीही एकदा झाली होती. १८७६ मध्ये रेक्सम इथल्या आइस्तेदवोदमध्ये विजेता म्हणून टालियेसिन ओ आइव्यन या लँगॉलेनच्या कवीचे नाव निघाले, तेव्हा तो कविता पाठवून नुकताच वारला होता. त्याही वेळी खुर्चीवर काळे कापड घातले गेले. म्हणजे चाळीस वर्षांनी काय करायचे, याचा पायंडा होता. पहिल्या काळ्या खुर्चीचे दुःख एका माणसाचे होते, त्याच्या मित्रांचे आणि गावाचे. दुसरीच्या वेळी तसे राहणे शक्य नव्हते.

१९१४ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा वेल्सची अवस्था अवघड होती. १९११ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे ९,७७,३६६ होते. संख्या म्हणून ती पूर्वीपेक्षा जास्त होती, पण लोकसंख्येतला वाटा वीस वर्षांत ५४ टक्क्यांवरून ४३.५ टक्क्यांवर आला होता. लोकांची चॅपेले, म्हणजे प्रार्थनागृहे, शांततावादी परंपरेची होती. युद्धाला वेल्श होकार मिळवण्याचे काम ब्रिटिश मंत्री डेव्हिड लॉइड जॉर्ज यांनी अंगावर घेतले. ते स्वतः वेल्श बोलणारे, चॅपेलात वाढलेले. वेल्श सैन्यदल उभारण्यासाठी ते युद्धमंत्री किचनर यांच्याशी भांडले, सैनिकांना आपसांत वेल्श बोलू द्यावे म्हणूनही भांडले. जॉन विल्यम्स हे अँगलसी बेटावरचे नामांकित धर्मोपदेशक लष्करी गणवेश घालून व्यासपीठावर उभे राहत आणि तरुणांना भरतीचे आवाहन करत. उलट बाजूला, अ‍ॅबरिस्टविथमध्ये कवी टी. ग्विन जोन्स आपल्याच चॅपेलात विजयासाठी केलेली प्रार्थना ऐकून उठून बाहेर गेले. १९१६ च्या ऑक्टोबरात ‘अ देर्नास’ हे युद्धविरोधी वेल्श मासिक निघाले. बँगॉरच्या धर्मशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य टॉमस रीस त्याचे संपादक होते. सक्तीची भरती लागू झालेली असताना असे मासिक चालवायला केवढे धैर्य लागले असेल!

१९१४ चा आइस्तेदवोद युद्धामुळे पुढे ढकलला गेला. पण १९१५ पासून तो पुन्हा भरू लागला. १९१६ च्या जुलैत माम्येत्स जंगलाच्या लढाईत ३८ व्या वेल्श डिव्हिजनची सुमारे चार हजार माणसे मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. पुढच्याच महिन्यात अ‍ॅबरिस्टविथच्या आइस्तेदवोदमध्ये लॉइड जॉर्ज, तेव्हा युद्धमंत्री, यांनी युद्धातही गाणे का थांबवू नये यावर भाषण केले. भाषण फार वाखाणले गेले. त्याच अ‍ॅबरिस्टविथला खुर्चीच्या स्पर्धेत दुसरा क्रमांक एका मेंढपाळाचा आला.

त्याचे नाव एलिस हंफ्री एव्हान्स, कवी म्हणून हेद विन. जन्म १३ जानेवारी १८८७, ट्राउसवनिद गावात. आईवडिलांची शेती अर अस्गुर्न इथे. शाळा चौदाव्या वर्षी सुटली. काही महिने दक्षिणेकडच्या कोळसाखाणीत काढले, पण करमेना म्हणून घरी परत आला. पहिली खुर्ची त्याने १९०७ मध्ये बाला इथे, विसाव्या वर्षी जिंकली. पुढे गावोगावच्या आणखी काही. ज्या मुलाला गावच्या शाळेपुढे काही मिळाले नाही, तो चॅपेलची रविवारची शाळा, वडिलांनी आणून दिलेले छंदशास्त्राचे पुस्तक आणि शेजारपाजारचे कवी यांच्या आधारावर चोवीस छंदांवर हुकमत मिळवतो, हे घडू शकत होते ते त्या लहान लहान खुर्च्यांमुळे. राष्ट्रीय खुर्ची हे शिखर, पण ते उभे होते ते त्या गावठी स्पर्धांच्या पायावर.

सैन्यात जायची त्याची इच्छा नव्हती. पण शेतावर गरजेपेक्षा जास्त मुलगे असल्याने एकाला जाणे भाग होते. धाकटा भाऊ जाऊ नये म्हणून थोरल्याने नाव दिले. १९१७ च्या सुरुवातीला तो लिव्हरपूलजवळच्या लिदरलँड छावणीत दाखल झाला. नदीच्या एका अंगाला कवी कवायत करत होता आणि त्याच वर्षी दुसऱ्या अंगाला तो बेल्जियन निर्वासित त्याच्यासाठी ओकचे लाकूड कोरत होता. एकमेकांची नावेही त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते.

पाणबुड्यांच्या नाकेबंदीने ब्रिटनमध्ये अन्नाची चणचण होती, म्हणून त्या वसंतात शेतकरी सैनिकांना नांगरणीसाठी रजा मिळाली. हेद विन सुमारे सात आठवडे घरी होता. बर्कनहेडसाठी विषय जाहीर झाला होता ‘वीर’. आउदलचा बराच भाग त्याने या रजेत लिहिला. रजा संपल्यावरही तो रेंगाळला, तेव्हा लष्करी पोलीस घरी येऊन त्याला घेऊन गेले. जूनमध्ये तो फ्रान्समध्ये फ्लेशँ या खेड्यात रॉयल वेल्श फ्युझिलिअर्सच्या १५ व्या बटालियनमध्ये पोचला. तिथे त्याने कविता पुरी केली आणि टपालाने धाडली. स्पर्धेत खरे नाव देत नाहीत. टोपणनाव कवितेखाली लिहायचे आणि खरे नाव बंद पाकिटात. त्याने टोपणनाव घेतले ‘फ्लर-द-ली’, फ्रान्सचे राजचिन्ह असलेले लिलीचे फूल.

विषय ‘वीर’ आणि साल १९१७, तेव्हा संगिनी आणि खंदक यांची कविता असेल असे कोणालाही वाटेल. तशी ती नाही. माणसांसाठी देवांकडून अग्नी आणणाऱ्या प्रॉमिथ्यूसच्या वाटेने जाणारी, शेलीच्या प्रभावाखालची, रूपकांची, बरीचशी दुर्बोध अशी ती कविता आहे. सरकारला हवा होता तसा वीर तिच्यात नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही महत्त्वाची बाब आहे, आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते.

३१ जुलै १९१७ च्या पहाटे ३ वाजून ५० मिनिटांनी ईप्रची तिसरी लढाई सुरू झाली, जी पुढे पासनदालच्या नावाने ओळखली गेली. वेल्श डिव्हिजनला पिल्केमचा उंचवटा घ्यायचा होता. चढाईत हेद विन तोफगोळ्याच्या तुकड्याने जबर जखमी झाला आणि दुपारच्या आत गेला. तीस वर्षांचा होता. बूझिंगे गावाजवळच्या आर्टिलरी वुड दफनभूमीत त्याची कबर आहे. त्याच दिवशी मारला गेलेला आयरिश कवी फ्रान्सिस लेडविज याचीही कबर तिथेच आहे.

६ सप्टेंबर, गुरुवार. बर्कनहेड पार्कमध्ये मोठा मंडप होता. इंग्लंडमधल्या गावात वेल्श राष्ट्रीय उत्सव हे ऐकून नवल वाटेल, पण लिव्हरपूल आणि बर्कनहेड ही उत्तर वेल्सच्या लोकांची मोठी शहरे होती. तिथले कितीतरी बांधकाम कंत्राटदार, सुतार, गवंडी, घरकाम करणाऱ्या मुली वेल्समधून आलेल्या. वेल्श चॅपेले गल्लोगल्ली. व्यासपीठावर पंतप्रधान लॉइड जॉर्ज होते. परीक्षकांच्या वतीने निकाल वाचला टी. ग्विन जोन्स यांनी, म्हणजे विजयाची प्रार्थना ऐकून चॅपेल सोडणाऱ्या त्याच कवीने. ‘फ्लर-द-ली’ श्रेष्ठ, असे त्यांनी सांगितले.

रिवाज असा की मग रणशिंग वाजते आणि या टोपणनावाच्या कवीने, आणि फक्त त्यानेच, उभे राहावे असे सांगितले जाते. गर्दीत कुठेतरी एक माणूस उभा राहतो. तो कोण आहे हे तोवर कोणालाच माहीत नसते. शेजारी बसलेल्यालाही नसते. दोन ज्येष्ठ कवी त्याला हाताला धरून वर नेतात. वेल्श उत्सवातला हा सर्वांत उत्कंठेचा क्षण. त्या दिवशी टोपणनाव तीनदा पुकारले गेले. कोणी उठले नाही. मग डवेद यांनी सांगितले की कवी रणांगणावर पडला आहे. खुर्चीवर काळे कापड पांघरण्यात आले. मंडपात त्या घडीला ज्याच्या घरचे कोणी युद्धात नव्हते असा माणूस विरळाच असेल.

युद्धाच्या त्या वर्षी वेल्समधल्या हजारो घरांत जागा रिकाम्या झाल्या होत्या. कार्डिफला ठेवलेल्या स्मृतिग्रंथात महायुद्धातल्या मृतांची सुमारे ३५,००० नावे आहेत. त्यांतल्या प्रत्येकाची बातमी एका तारेने, एका दारात आली आणि तिथेच थांबली. हेद विनचा मृत्यू तेवढा सगळ्यांसमोर घडला, कारण त्याच्यासाठी एक जागा आधीपासून ठेवलेली होती: हवेलच्या कायद्याने ठरवलेली, ऱ्हीसने किल्ल्यात मांडलेली, योलोने खोट्या कागदांच्या जोरावर पुन्हा उभी केलेली. नाव पुकारण्याचा विधी होता म्हणून उत्तर न आल्याचे ऐकू आले. पंतप्रधानांपाशी भाषणे होती, त्या आसनापुढे त्यांचा उपयोग नव्हता.

खुर्ची आगगाडीने ट्राउसवनिदला आली आणि तिथून अर अस्गुर्नला. १९१८ मध्ये त्याच्या कवितांचा संग्रह ‘मेंढपाळाच्या कविता’ अशा अर्थाच्या नावाने निघाला. आर. विल्यम्स पॅरी यांनी त्याच्यावर लिहिलेली विलापिका तोंडोतोंडी झाली. नंतरच्या वर्षांत युद्धाचे समर्थक त्याला शूर सैनिक म्हणून मिरवू पाहत होते आणि युद्धाचे विरोधक त्याला बळी म्हणून. गावाने आपले उत्तर १९२३ मध्ये दिले. ट्राउसवनिदच्या रस्त्यावर उभारलेल्या पुतळ्याचे अनावरण त्याच्या आईने केले. मेरीफील्ड या शिल्पकाराच्या त्या पुतळ्यात बंदूक नाही, गणवेश नाही. बाह्या दुमडलेला मेंढपाळ आहे.

घराचे दार येणाऱ्यांसाठी उघडे ठेवायचे, असे आईने ठरवले होते. ते तिने पाळले आणि तिच्यामागे नातवानेही पाळले. स्वतः शेती करत, लग्न न करता, त्याने आयुष्यभर अनोळखी पाहुण्यांना बैठकीच्या खोलीत नेऊन खुर्ची दाखवली. तिकीट नव्हते, दोरी बांधलेली नव्हती. १९९२ मध्ये पॉल टर्नर यांचा ‘हेद विन’ हा चित्रपट आला; ऑस्करच्या अंतिम यादीत पोचलेला तो पहिला वेल्शभाषी चित्रपट, आणि त्यानंतर पाहुण्यांचा ओघ आणखी वाढला. २०१२ मध्ये स्नोडोनिया राष्ट्रीय उद्यानाने घर आणि शेत विकत घेऊन दुरुस्त केले, खुर्चीच्या झिजलेल्या-तुटलेल्या भागांची डागडुजी केली आणि २०१७ मध्ये, शंभर वर्षांनी, ते नव्याने खुले झाले. व्हानफ्लेटेरेनचे नावही हल्लीच्या काळात आदराने घेतले जाऊ लागले आहे. फार काळ ते ‘एक बेल्जियन निर्वासित’ एवढेच होते.

खुर्ची कोणाची, हा वाद काळ्या खुर्चीने मिटवला नाही. १९२६ चा आइस्तेदवोद स्वॉन्झीला झाला. त्या वर्षीची खुर्ची शांघायमधल्या वेल्श मंडळींकडून आली होती आणि तिथल्या जेझुइट अनाथालयाच्या कार्यशाळेत चिनी मुलांनी ती कोरली होती. ती जिंकली ग्वेनाल्तने, म्हणजे डेव्हिड जेम्स जोन्सने. तो पोलादाच्या कारखान्यातल्या कामगाराचा मुलगा. हेद विन ज्या वर्षी फ्लँडर्समध्ये मेला, त्याच वर्षी ग्वेनाल्तला, अठरा वर्षांच्या मुलाला, लढायला नकार दिला म्हणून तुरुंगात टाकले होते. वर्मवुड स्क्रब्ज आणि डार्टमूर इथे त्याने १९१९ पर्यंत शिक्षा भोगली. काळ्या खुर्चीनंतर नऊ वर्षांनी त्याच्यासाठी रणशिंग वाजले, तो उभा राहिला, चालत गेला आणि बसला.

१९२८ मध्ये ट्रिऑर्कीला त्याची ‘संत’ ही आउदल स्पर्धेत होती. तीत देहाच्या वासनेचे वर्णन परीक्षकांना सोसवले नाही आणि त्यांनी त्या वर्षी खुर्ची कोणालाच दिली नाही. वृत्तपत्रांत मोठे वादळ उठले. ग्वेनाल्त मागे हटला नाही. १९३१ मध्ये बँगॉरला त्याने पुन्हा कविता पाठवली, आणि त्या वेळी खुर्ची त्यालाच द्यावी लागली.